टॅबलेटचा पासकोड माहीत नाही? कुलूप उघडतं का, डेटा वाचतो का आणि पुढे काय करायचं

एप्रिल २०१९ मध्ये 'द न्यूयॉर्कर'चे पत्रकार इव्हान ऑसनॉस यांनी ट्विटरवर आपल्या आयपॅडचा फोटो टाकला. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाने पासकोडचे आकडे पुन्हा पुन्हा दाबून पाहिले होते. स्क्रीनवर मजकूर होता: आयपॅड बंद आहे, २,५५,३६,४४२ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. हिशोब केला तर ही मुदत ४८ वर्षांहून जास्त होते.

शेवटी त्यांना ४८ वर्षं थांबावं लागलं नाही. त्यांनी आयपॅड कॉम्प्युटरला जोडून रिस्टोअर करायला घेतला, म्हणजे आतलं सगळं पुसून तो नव्यासारखा करायला घेतला. पासकोड माहीत नसलेल्या बहुतेक टॅबलेटची गोष्ट शेवटी याच वळणावर येते. टॅब पुन्हा वापरता येतो, पण त्यात असलेले आणि दुसरीकडे कुठेही जपून न ठेवलेले फोटो, नोंदी, हिशोब जातात.

घरोघरी हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात येतो. मुलाने पासकोड बदलला आणि विसरला. सेकंडहँड घेतलेला टॅब जुन्या मालकाचा पासकोड मागतोय. वडील गेले आणि त्यांच्या टॅबमध्ये नातवंडांचे फोटो अडकले. तिन्ही ठिकाणी उपाय वेगळा आहे आणि घाईने केलेली एक चूक कायमची ठरू शकते.

थोडक्यात उत्तर

• पासकोड माहीत नसताना डेटा शाबूत ठेवून टॅबलेट उघडण्याचे अधिकृत मार्ग फार थोडे आहेत. ते पुढे दिले आहेत.
• बाकी सर्व वेळी टॅबलेट पुसावा लागतो. त्यानंतर बॅकअपमध्ये जे असेल तेच परत मिळतं.
• पुसल्यावर टॅबलेट आधीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. हे दुसरं कुलूप. चोरीचा टॅब चोराला वापरता येऊ नये म्हणून ते असतं.
• म्हणून आधी ठरवा: तुम्हाला टॅबलेट हवाय की त्यातला डेटा?

सर्वात आधी या तीन गोष्टी टाळा

अंदाजाने आकडे दाबत बसू नका. पहिल्या काही चुकांनंतर टॅबलेट एक मिनिट थांबायला लावतो, मग पाच, पंधरा, तासभर असा वेळ वाढत जातो. आयपॅडवर साधारण दहा चुकांनंतर पासकोड टाकण्याची सोयच बंद होते. दहा चुकांनंतर डेटा आपोआप पुसण्याची सेटिंग चालू असेल, तर दहावा अंदाज शेवटचा ठरतो. घरातल्या चौघांनी वेगवेगळे अंदाज मारण्यापेक्षा आधी बसून संभाव्य आकडे कागदावर लिहा आणि त्यातले दोन-तीनच वापरा.

टॅबलेट बंद करू नका, बॅटरी संपू देऊ नका. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून टॅब अजून उघडत असेल तर ही फार मोलाची संधी आहे. टॅब बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तो ठसा किंवा चेहरा स्वीकारत नाही, पासकोडच मागतो. आयपॅड ४८ तास उघडला नाही तरी तेच होतं. त्यामुळे ठशाने आत जाता येत असेल तर लगेच चार्जर लावा, बॅकअप घ्या आणि महत्त्वाचे फोटो-फाइल ईमेल, क्लाउड किंवा पेनड्राइव्हवर काढून घ्या. पासकोड बदलायला मात्र जुना पासकोड लागतोच, तिथे ठसा चालत नाही.

बॅकअप तपासल्याशिवाय टॅबलेट पुसू नका. पुसलेला डेटा परत आणता येत नाही. कारण पुढे येईलच.

नेमकं कोणतं कुलूप लागलंय?

'टॅब लॉक झालाय' या एकाच वाक्यामागे निदान पाच वेगवेगळी कुलपं असू शकतात. स्क्रीनवरचा मजकूर नीट वाचला की ती ओळखता येतात.

लॉक स्क्रीनचा पासकोड, पिन किंवा पॅटर्न: टॅब सुरू करताच आकडे किंवा ठिपके दिसतात. हा लेख मुख्यतः याबद्दल आहे.

खात्याचं कुलूप: पुसलेला टॅब सुरू केल्यावर तो कुणाच्या तरी अ‍ॅपल किंवा गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. अ‍ॅपलमध्ये याला अ‍ॅक्टिव्हेशन लॉक म्हणतात, अँड्रॉइडमध्ये फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन.

वेळेचं बंधन: पालकांनी लावलेला स्क्रीन टाइम किंवा फॅमिली लिंकचा लॉक. टॅब पुसण्याची इथे काहीच गरज नसते. आयपॅडवरचा स्क्रीन टाइम पासकोड तो लावताना दिलेल्या अ‍ॅपल खात्याने बदलता येतो. फॅमिली लिंकचा लॉक पालक आपल्या फोनवरच्या अ‍ॅपमधून काढू शकतात.

सिमचा पिन: सिम कार्ड असलेल्या टॅबमध्ये हा येतो. तीनदा चुकला की सिम पीयूके क्रमांक मागतं, तो मोबाइल कंपनीकडून मिळतो. पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी होतं, पण टॅबमधल्या डेटाला धक्का लागत नाही.

संस्थेचं कुलूप: शाळा, क्लास किंवा ऑफिसने दिलेला टॅब त्यांच्या नियंत्रणात असतो. त्याबद्दल पुढे स्वतंत्र माहिती आहे.

पासकोड काढून का टाकता येत नाही?

अनेकांना वाटतं, पासकोड म्हणजे दाराला लावलेली कडी. चांगला कारागीर मिळाला की कडी काढेल आणि आतलं सामान जसंच्या तसं मिळेल. पूर्वी काही प्रमाणात ते खरंही होतं. अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या टॅबवर पॅटर्न चुकला की गुगल खात्याचा पासवर्ड देऊन तो बदलता येत असे. आता तशी रचना राहिलेली नाही.

आजच्या टॅबलेटमध्ये डेटा सांकेतिक रूपात साठवलेला असतो. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून सक्षम नव्या उपकरणांना हे बंधनकारक झालं. आयपॅडमध्ये पासकोड लावताच ते आपोआप होतं. हा सांकेतिक मजकूर वाचण्यासाठी लागणारी किल्ली दोन गोष्टी मिळून तयार होते: एक तुमचा पासकोड आणि दुसरी टॅबच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला गुप्त क्रमांक. हा क्रमांक चिपबाहेर काढता येत नाही. त्यामुळे मेमरी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी हाती निरर्थक आकडेच येतात. पासकोड कुठे लिहून ठेवलेलाही नसतो, म्हणून सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला तो बघून सांगता येत नाही.

मग सगळे आकडे एकामागून एक वापरून पाहिले तर? चार अंकी पासकोडचे दहा हजार आणि सहा अंकीचे दहा लाख पर्याय होतात. अ‍ॅपलने प्रत्येक प्रयत्नाला सुमारे ८० मिलिसेकंद लागतील अशी रचना केली आहे. केवळ तेवढ्यावर विसंबलं तर चार अंकी पासकोड पाव तासाच्या आत आणि सहा अंकी दिवसभरात सापडेल. म्हणूनच चुकांनंतर थांबायला लावणारी मिनिटं आणि प्रयत्नांची मर्यादा यांना महत्त्व आहे. आकड्यांसोबत इंग्रजी लहान अक्षरं असलेला सहा खुणांचा पासकोड असेल, तर सगळे पर्याय तपासायला साडेपाच वर्षांहून जास्त लागतील असा अ‍ॅपलचा हिशोब आहे.

टॅब पुसणं इतकं झटपट का होतं, याचं उत्तरही इथेच आहे. पुसताना प्रत्येक फोटो शोधून खोडला जात नाही, मुख्य किल्लीच नष्ट केली जाते. किल्ली गेली की उरलेला डेटा कुणालाही वाचता येत नाही, अगदी मालकालाही नाही.

पुसण्याआधी: डेटा आणखी कुठे आहे का?

टॅबमध्ये अडकलाय असं वाटणारा डेटा बऱ्याचदा दुसरीकडेही असतो. तो शोधायला टॅब उघडावा लागत नाही, खात्याचा पासवर्ड पुरतो. दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर हे तपासा:

• आयपॅड असेल तर आयक्लाउडच्या वेबसाइटवर फोटो, नोट्स, संपर्क आणि फाइल.
• अँड्रॉइड असेल तर गुगल फोटोज, गुगल ड्राइव्ह आणि गुगल संपर्क.
• टॅब कधी घरच्या कॉम्प्युटरला जोडला असेल तर तिथे जुना बॅकअप आहे का.
• टॅबमध्ये मेमरी कार्ड आहे का. ते काढून कार्ड रीडरमध्ये घालून पाहा. कार्ड टॅबसाठी खास सांकेतिक केलेलं नसेल तर त्यातले फोटो लगेच दिसतील.
• व्हॉट्सअ‍ॅप मुख्यतः फोनवर चालत असेल तर संभाषणं फोनमध्येच आहेत.

एक सावधगिरी हवी. आयक्लाउडमध्ये मोफत जागा ५ जीबी आणि गुगलमध्ये १५ जीबी असते. ती भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं आणि अनेकांच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून फोटो दिसले एवढ्यावर समाधान मानू नका, शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा आहे ते पाहा.

खात्याचा पासवर्डही आठवत नसेल तर आधी तो परत मिळवा. अ‍ॅपल आणि गुगल दोघांच्याही वेबसाइटवर त्याची सोय आहे. नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर कोड येतो, त्यामुळे तो नंबर चालू असणं गरजेचं आहे. अ‍ॅपलच्या खाते-पुनर्प्राप्तीत कधी कधी काही दिवस थांबावं लागतं. तेवढे दिवस थांबा, टॅब तोपर्यंत पुसू नका.

आयपॅड: टप्प्याटप्प्याने

पहिला प्रश्न: पासकोड गेल्या तीन दिवसांत बदललाय का? आयपॅडओएस १७ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर नवा पासकोड विसरल्यावर ७२ तासांच्या आत जुना पासकोड वापरून आत जाता येतं. काही चुकांनंतर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात 'फरगॉट पासकोड' दिसतं. त्यावर टॅप करून जुना पासकोड देण्याचा पर्याय निवडा. डेटा जात नाही. मुलाने काल-परवा पासकोड बदलला असेल तर सर्वात आधी हेच करा.

दुसरा मार्ग: लॉक स्क्रीनवरूनच पुसणं. आयपॅडओएस १५.२ पासून ही सोय आहे. अनेक चुकांनंतर 'इरेज आयपॅड' किंवा 'फरगॉट पासकोड' हा पर्याय येतो. त्यात अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड दिला की आयपॅड पुसला जातो. त्यासाठी तो इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. बंद करून पुन्हा सुरू केलेला आयपॅड पासकोड टाकेपर्यंत ओळखीच्या वाय-फायलाही जोडला जात नाही, म्हणूनही तो बंद न करणं बरं.

तिसरा मार्ग: दूरवरून पुसणं. दुसऱ्या उपकरणावरून आयक्लाउडच्या 'फाइंड' पानावर जाऊन आयपॅड निवडा आणि पुसण्याची सूचना द्या. आयपॅड इंटरनेटवर आला की ती लागू होते.

चौथा मार्ग: कॉम्प्युटर आणि रिकव्हरी मोड. वरचं काहीच जमलं नाही तर हा मार्ग उरतो.

१. मॅक असेल तर फाइंडर, विंडोज असेल तर अ‍ॅपल डिव्हायसेस अ‍ॅप किंवा आयट्यून्स उघडा आणि आयपॅड केबलने जोडा.
२. होम बटण नसलेल्या आयपॅडवर: वरच्या बटणाच्या जवळचं आवाजाचं बटण दाबून सोडा, मग लांबचं दाबून सोडा, मग वरचं बटण दाबून धरा.
३. होम बटण असलेल्या आयपॅडवर: होम आणि वरचं बटण एकत्र दाबून धरा.
४. मध्ये अ‍ॅपलचं चिन्ह दिसलं तरी बटण सोडू नका. केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र आलं की सोडा.
५. कॉम्प्युटरवर 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे पर्याय येतील. 'अपडेट'ने पासकोड जात नाही, इथे 'रिस्टोअर' निवडा.
६. सॉफ्टवेअर उतरायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर आयपॅड रिकव्हरी मोडमधून बाहेर येतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणांची कृती पुन्हा करा.

आयपॅड सुरू झाल्यावर खात्याचा पासवर्ड द्या आणि बॅकअपमधून डेटा परत घ्या.

अँड्रॉइड टॅबलेट: टप्प्याटप्प्याने

नव्या अँड्रॉइडमध्ये लॉक स्क्रीनवर गुगलचा पासवर्ड देऊन पिन बदलण्याची सर्वसाधारण सोय नाही. काही सॅमसंग टॅबवर दूरवरून अनलॉक करण्याची सोय असते, पण ती आधीच चालू करून ठेवलेली असावी लागते. सॅमसंग खात्यात जाऊन एकदा पाहून घ्या. ती नसेल तर पुसण्याचे दोन मार्ग आहेत.

दूरवरून: दुसऱ्या उपकरणावर गुगलच्या 'फाइंड हब'मध्ये (पूर्वीचं नाव 'फाइंड माय डिव्हाइस') त्याच खात्याने जा, टॅब निवडा आणि पुसा. टॅब इंटरनेटवर असावा लागतो. यात मेमरी कार्डवरचा डेटा राहू शकतो, पण धोका नको, कार्ड आधीच काढून ठेवा.

बटणांनी: टॅब बंद करा, मग पॉवर आणि आवाज वाढवण्याचं बटण एकत्र दाबून धरा. कंपनीनुसार बटणांची जोडी बदलते, त्यामुळे आपल्या मॉडेलची कृती कंपनीच्या वेबसाइटवर पाहा. अलीकडच्या सॅमसंग टॅबना त्या वेळी केबलने कॉम्प्युटरला जोडलेलं ठेवावं लागतं. 'नो कमांड' असा मजकूर आला तर पॉवर बटण धरून आवाज वाढवण्याचं बटण एकदा दाबा. यादीतून 'वाइप डेटा / फॅक्टरी रीसेट' निवडा, मग टॅब पुन्हा सुरू करा.

त्यानंतर तो आधीचं गुगल खातं मागेल. इथे एक अडचण अनेकांना गाठते. गुगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर टॅब तो लगेच स्वीकारत नाही. पासवर्ड बदलल्यावर २४ तास थांबा आणि मगच टॅब पुसा.

अ‍ॅमेझॉनचा फायर टॅबलेट परदेशातल्या मराठी घरांत बराच दिसतो. त्याला मात्र पुसावं लागत नाही. पाचदा पिन चुकल्यावर अ‍ॅमेझॉन खात्याचा पासवर्ड देऊन पिन बदलता येतो. विंडोज टॅबवर मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलता येतो. तो बिटलॉकरचा ४८ अंकी क्रमांक मागत असेल तर तो बहुधा त्याच खात्यात साठवलेला सापडतो.

सेकंडहँड टॅब जुन्या मालकाचं खातं मागतोय

अ‍ॅक्टिव्हेशन लॉक २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत आला, तर अँड्रॉइडचं फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत. चोरलेलं उपकरण पुसून विकता येऊ नये, हा दोन्हींचा हेतू. टॅब कितीही वेळा पुसला तरी हे कुलूप जात नाही.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे विक्रेत्याला गाठणं. जुना मालक दूर असला तरी चालतं. त्याने आयक्लाउडमध्ये जाऊन तो आयपॅड खात्यातून काढून टाकला की कुलूप सुटतं. त्याला पासवर्ड तुम्हाला सांगावा लागत नाही आणि तुम्हीही तो मागू नये. अँड्रॉइडच्या बाबतीत टॅब त्याच्याकडे नेऊन त्याच्या हातून खातं टाकून घेणं आणि मग सेटिंगमधून नीट रीसेट करणं सोपं पडतं.

आयपॅड तुम्ही स्वतः नवा घेतला असेल आणि खातंच हरवलं असेल, तर अ‍ॅपलकडे अ‍ॅक्टिव्हेशन लॉक काढण्याची विनंती करता येते. त्यासाठी खरेदीचा पुरावा लागतो आणि त्यावर सिरीयल नंबर किंवा आयएमईआय असावा लागतो. नुसतं 'आयपॅड १ नग' असं लिहिलेलं बिल कामाचं नाही. नवीन टॅब घेताना दुकानदाराकडून सिरीयल नंबरसह पक्कं बिल घ्या, असा आग्रह म्हणूनच धरायचा.

विकत घेण्याआधीची तपासणी सोपी आहे. टॅब विक्रेत्याने तुमच्यासमोर सुरू करावा, खात्यातून बाहेर पडावं, रीसेट करावा आणि 'हॅलो' किंवा स्वागताच्या स्क्रीनपासून पुढे तुमच्या खात्याने सुरू होतो का ते दोघांनी पाहावं. सिम लागणारा टॅब असेल तर 'केवायएम' असं इंग्रजीत लिहून, जागा सोडून आयएमईआय टाकून १४४२२ वर एसएमएस पाठवा. संचार साथी या सरकारी व्यवस्थेकडून त्या क्रमांकाची स्थिती कळते. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर व्यवहार सोडा. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. रस्त्यात, एसटीत किंवा लोकलमध्ये सापडलेला टॅब उघडत बसू नका, पोलिसांकडे द्या.

शाळेचा किंवा ऑफिसचा टॅब

महाराष्ट्रात स्पर्धा आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब मिळाले आहेत. महाज्योतीची योजना त्यातली एक. अनेक शाळा आणि खासगी क्लासही टॅब देतात. संस्थेने दिलेल्या टॅबमध्ये बऱ्याचदा त्याचं नियंत्रण संस्थेकडे ठेवणारं सॉफ्टवेअर असतं. पासकोड विसरलेल्यासाठी ही चांगली बातमी ठरू शकते. अशी व्यवस्था नीट लावलेली असेल तर संस्थेचा व्यवस्थापक डेटा न पुसता दूरवरून पासकोड काढू शकतो. अट एकच, टॅब इंटरनेटला जोडलेला हवा. इथेही 'बंद करू नका' हा नियम कामी येतो.

दुकानात नेऊन असा टॅब पुसून घेतला तर पैसे जातात, अभ्यासाची अ‍ॅप जातात आणि इंटरनेटला जोडताच संस्थेचं कुलूप बहुधा पुन्हा हजर होतं. त्यामुळे आधी शाळेला किंवा संस्थेच्या मदत क्रमांकावर फोन करा.

घरातली व्यक्ती गेली, टॅब बंद राहिला

हा सर्वात अवघड प्रसंग. घरच्यांचा हक्क उघड असतो, टॅबही घरातच असतो, तरी पासकोड गेलेल्या माणसासोबत गेलेला असतो. मृत्यूचा दाखला दाखवून अ‍ॅपल किंवा गुगल पासकोड देत नाहीत, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. मिळू शकतो तो खात्यात, म्हणजे क्लाउडवर असलेला डेटा.

अ‍ॅपलने आयओएस आणि आयपॅडओएस १५.२ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट'ची सोय दिली आहे. हयातीत एखाद्याला असं नेमलं असेल, तर त्याच्याकडची अ‍ॅक्सेस की आणि मृत्यूचा दाखला देऊन खात्यातले फोटो, नोट्स, फाइल, बॅकअप तीन वर्षांपर्यंत पाहता आणि उतरवून घेता येतात. साठवलेले पासवर्ड त्यात मिळत नाहीत. कुणाला नेमलं नसेल तर अ‍ॅपल न्यायालयाचा आदेश मागू शकते.

गुगलची अशीच सोय २०१३ पासून आहे, 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'. खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर नेमलेल्या व्यक्तीला कळवून ठरवलेला डेटा दिला जातो. तशी नेमणूक नसेल तर जवळच्या नातेवाइकांना गुगलकडे अर्ज करता येतो, मात्र पासवर्ड मिळत नाही.

अशा वेळी कुटुंबाने दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दिवंगत व्यक्तीचं सिम लगेच बंद करू नका. खात्यांचे कोड त्याच नंबरवर येतात आणि बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. दुसरी, वेळ हातचा जाऊ देऊ नका. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल हटवू शकते. क्लाउडवर काहीच सापडलं नाही तर टॅब पुसण्याची घाई नको. तो कपाटात नीट ठेवा. वडिलांच्या जुन्या डायरीत, एलआयसीच्या फाइलमध्ये किंवा पासबुकच्या मागे लिहिलेला चार अंकी आकडा महिन्यांनी सापडल्याची शक्यता असतेच. पुसलेल्या टॅबला तो आकडा सापडूनही उपयोग नाही.

'पैसे द्या, अनलॉक करून देतो'

इंटरनेटवर आणि बाजारात असे दावे भरपूर आहेत. ते तपासण्यासाठी एकच प्रश्न पुरे: 'डेटा राहील का?' बहुतेक विकाऊ सॉफ्टवेअर प्रत्यक्षात तेच करतं जे वर फुकट सांगितलं आहे, म्हणजे टॅब पुसतं. खात्याचं कुलूप चुकवल्याचा दावा करणारे उपाय पुढच्या अपडेटमध्ये निकामी होऊ शकतात आणि त्यातून टॅबमध्ये कसलं सॉफ्टवेअर शिरलं हे कळत नाही. जुन्या उपकरणांतल्या त्रुटी वापरून तपास यंत्रणा कधी कधी फोन उघडतात. २०१६ मध्ये सॅन बर्नार्डिनो हल्ल्यातल्या आयफोनबाबत एफबीआयने बाहेरच्या तज्ज्ञांकरवी ते केलं. पण ती सोय गल्लीतल्या दुकानात मिळत नाही.

दुकानात मदत घ्यायची असेल तर जरूर घ्या, मात्र खात्याचा पासवर्ड स्वतः टाका आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. 'तुमचा हरवलेला आयपॅड सापडला, इथे लॉग इन करा' असा मेसेज आला तर त्यातली लिंक उघडू नका. चोर याच मार्गाने खात्याचा पासवर्ड काढून घेतात. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.

आज टॅब उघडतोय तोवर करायची पाच कामं

१. सेटिंगमध्ये शेवटच्या बॅकअपची तारीख पाहा. ती जुनी असेल तर आजच बॅकअप घ्या.
२. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल चालू आहेत का ते तपासा.
३. पासकोड आणि खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. टॅबच्या कव्हरमध्ये नको.
४. आई-वडिलांच्या टॅबवर त्यांच्याशी बोलून लेगसी कॉन्टॅक्ट किंवा इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर लावून द्या.
५. बिल आणि खोक्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून तो दुसऱ्या उपकरणात ठेवा.

या पाच कामांना अर्धा-पाऊण तास लागतो. पासकोड माहीत असेपर्यंतच ती करता येतात.